इन्फंट्रीतल्या नवीन लेफ्टनंटसाठी: रजेचं रजिस्टर, पाय आणि पार्ट टू ऑर्डर

प्रश्न असा आलाय की मुलगा येत्या जूनमध्ये डेहराडूनहून पास आउट होतोय, इन्फंट्री मिळालीय, तर युनिटमध्ये पोचायच्या आधी त्याला असं काय माहिती असावं जे अकॅडमीत कोणी सांगत नाही. मी 1992 ला कमिशन झालो आणि 2016 ला बाहेर पडलो, म्हणजे 24 वर्षं, त्यातली बरीचशी बटालियनमध्येच. माझं काही जुनं झालं असेल, आमच्या वेळी तार यायची आता जवान व्हिडिओ कॉल करतो, पण कंपनी ऑफिसच्या दारात उभा राहिलेला जवान अजूनही पहिल्या झटक्यात खरं कारण सांगत नाही, तेव्हा बरंचसं अजून चालेल असं धरून लिहितो. लांब होणारे.

अकॅडमीत चेटवुडच्या त्या तीन ओळी तोंडपाठ असतात. 1932 साली आयएमएच्या, म्हणजे डेहराडूनच्या त्याच अकॅडमीच्या, उद्घाटनाला तेव्हाचा सरसेनापती चेटवुड याने जे भाषण केलं त्यातल्या. आधी देश, मग तुझी माणसं, तू स्वतः सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. पहिली आणि तिसरी ओळ पोरांना लगेच आवडते, त्यात शौर्य आहे त्याग आहे. मधल्या ओळीत जो वेल्फेअर शब्द आहे ना, त्याचा रोजचा अर्थ मात्र फॉर्म, रजिस्टर, रजा, मोजे आणि औषधाच्या गोळ्या असा निघतो, हे मला कळायला दोन वर्षं लागली. तुझं कमांड तिथून सुरू होतं. गोळीबाराचा दिवस यायचा तेव्हा येईल, काहींच्या नोकरीत येतच नाही, पण रजेचं रजिस्टर रोज असतं.

पहिला महिना बऱ्याच युनिटमध्ये तुला जवानांबरोबर ठेवतात. बॅरेकमध्ये खाट, लंगरमध्ये जेवण, त्यांच्याबरोबर पीटी, काही ठिकाणी रात्रीची संतरी ड्युटीसुद्धा. नवीन पोरं याला रॅगिंग समजून दिवस मोजतात. मीही मोजले. पण ऑफिसर म्हणून बॅरेक आतून बघायची संधी परत कधीच मिळत नाही, नंतर तू गेलास की सगळे उठून उभे राहतात आणि बॅरेक एकदम चकाचक असते. माझ्या शेजारच्या खाटेवरचा एक लान्स नायक रात्री मोजे घालूनच झोपायचा. मला वाटलं थंडी वाजत असेल. आठवड्याने एकदा त्याने मोजे काढले तर बोटं जांभळी सुजलेली, एका बोटाला फोड फुटलेला. विचारलं की एमआयकडे, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, का जात नाहीस, तर म्हणाला साहब काडर चल रहा है. सिक रिपोर्ट केलं तर प्रमोशन काडर, म्हणजे बढतीसाठीचा कोर्स, हातचं जाणार, काडर गेलं तर नायकची फीत एक वर्ष पुढे. हे गणित मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. त्या दिवसापासून कोणी लंगडत नाहीये म्हणजे पाय ठीक आहेत असं मी कधी धरलं नाही, बूट काढायला लावायचो. पेट्रोलवरून आल्यावर फूट इन्स्पेक्शन म्हणजे ऑफिसरने खाली बसून पाय बघायचे, सीएचएमने, म्हणजे कंपनी हवालदार मेजरने, लांबून हो साहब सब ठीक म्हणायचं नाही.

आता सुभेदार साहेब, म्हणजे शिपायापासून वर आलेला ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, जेसीओ. हा विषय सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा थांबून सांगतो. तू 22 वर्षांचा, तो चाळिशी ओलांडलेला, तुझ्या जन्माच्या आसपास भरती झालेला, आणि तो तुला सॅल्यूट मारणार. तू त्याला साहब म्हणणार, तोही तुला साहब म्हणणार. त्याने तुझ्याआधी असे पाचसहा लेफ्टनंट घडवलेत आणि तो तुला तोंडावर कधीच सांगणार नाही की तू चुकतोयस. फार तर म्हणेल, "साहब, ऐसे भी हो सकता है, पर एक बार सोच लीजिए." हे एक बार सोच लीजिए ऐकू आलं की थांब. त्याचा अर्थ साहेब तुमचं डोकं फिरलंय असा असतो.

पण दुसरी चूकही तेवढीच होते आणि ती कोणी फारशी बोलत नाही. काही पोरं सुभेदार साहेबांच्या मागे लपतात. साहब आप देख लो. मग हळूहळू कंपनी तोच चालवतो आणि हा सह्या करतो. सुभेदारही माणूस आहे, त्याचीही माणसं असतात, त्याचाही कोणावर राग असतो, रजेच्या लिस्टमध्ये त्याच्या गावाकडचा वर सरकलेला असू शकतो. त्याला विचार, ऐक, मग ठरव, आणि ठरवल्यावर काही बिघडलं तर सीओंसमोर, म्हणजे बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, एकटा उभा राहा. सुभेदार साहेबांनी सांगितलं होतं सर, हे वाक्य मी एका कॅप्टनच्या तोंडून ऐकलंय, सीओंनी त्याला काही म्हटलं नाही, फक्त त्याच्याकडे बघितलं. मला अजून ती शांतता आठवते. आणि कुठल्याही जेसीओला किंवा हवालदाराला त्याच्या माणसांसमोर झापायचं नाही. ऑफिसमध्ये बोलव, दार लाव, मग काय बोलायचं ते बोल.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगतो. 1994, कंपनी कमांडर कोर्सला गेलेले, मी लेफ्टनंट आणि तरी त्यांच्या जागी कंपनी सांभाळत होतो. इन्फंट्रीत ऑफिसर कायम कमी त्यामुळे हे तुझ्यावरही लवकर येईल, तयार राहा. एक जवान रजेवरून नऊ दिवस उशिरा आला. आर्मी ॲक्टचं कलम 39, ओव्हरस्टेइंग लीव्ह, सगळं सरळ. मी ठरवलं मार्च अप करायचा, सीओंसमोर उभा करायचा, रेड इंक एंट्री होऊ दे, कंपनीला कळू दे की नवा साहेब ढिला नाहीये. रेड इंक म्हणजे त्याच्या कंडक्ट शीटवर लाल शाईने लिहिलेली शिक्षा, तिने प्रमोशनवर परिणाम होतो आणि अशा चार झाल्या की डिस्चार्जची टांगती तलवार. सुभेदार साहेब म्हणाले, "साहब, सज़ा तो कल भी दे सकते हैं, आज एक बार पूछ तो लीजिए." मी म्हटलं विचारलं की. तीन वेळा विचारलं होतं. तीनही वेळा तो सावधान उभा राहून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत "गलती हो गई साहब" एवढंच म्हणाला होता.

सुभेदार साहेब त्याला घेऊन मागे स्टोअरजवळ गेले, दोघं रिकाम्या ॲम्युनिशन बॉक्सवर बसले, आणि वीस मिनिटांनी परत आले तेव्हा सगळी कहाणी बाहेर होती. चुलत्याने जमिनीवर दावा टाकलेला, बाप म्हातारा आणि अडाणी, कोर्टाची तारीख रजेच्या शेवटच्या दिवशी होती ती आठवडाभर पुढे गेली, आणि हा थांबला. आधी का सांगितलं नाही तर त्याला वाटलं की घरी कोर्टकेस आहे म्हटल्यावर कंपनीत नाव खराब होईल. आणि मी त्याला विचारत होतो कसा तर, टेबलामागे बसून, बाजूला सीएचएम काठी बगलेत धरून उभा, दाराबाहेर क्लार्क कान लावून.

सीओंनी त्याला शिक्षा केली, केलीच पाहिजे होती, उशीर तो उशीर, पण रेड इंक होऊ दिली नाही. आणि मग मला थांबवून घेतलं आणि विचारलं की इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट ऐकलायस का. मी गप्प. 1925 चा कायदा आहे, विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत ड्युटीवर असलेला सैनिक कोर्टात हजर राहू शकत नसेल तर तसं सर्टिफिकेट दिल्यावर कोर्ट त्याच्याविरुद्धचं दिवाणी काम थांबवून ठेवू शकतं, म्हणजे तो सीमेवर असताना मागे एकतर्फी निकाल लागू नये. सीओंनी सर्टिफिकेट दिलं, त्याच्या जिल्ह्याच्या कलेक्टरला एक डीओ लेटर, म्हणजे नावाने लिहिलेलं अर्धसरकारी पत्र, लिहिलं, आणि जिल्हा सैनिक बोर्डाला कॉपी पाठवली. दोन पानांचं काम. केसचं पुढे काय झालं मला माहीत नाही, माझी बदली झाली. पण जमिनीचा वाद ही जवानाच्या डोक्यातली एक नंबरची कटकट आहे, बायकोच्या आजारपणाच्याही वर कधीकधी, आणि त्यावर एक जुना कायदा आणि एक पत्र एवढं तुझ्या हातात असतं. सगळेच कलेक्टर उत्तर देत नाहीत. परत पाठव.

रजेबद्दल थोडं. जवानाला वर्षाला 60 दिवस ॲन्युअल आणि 30 दिवस कॅज्युअल. कागदावर भरपूर वाटते. पण एका वेळी कंपनीतून ठराविकच माणसं सोडता येतात, आणि सगळ्यांना हवी असते सणाला, पेरणी-कापणीला आणि लग्नाच्या मोसमात. त्यात पोस्टवरून खाली यायला कॉन्व्हॉय, कॉन्व्हॉय बर्फाने बंद, मग ट्रान्झिट कॅम्पमध्ये पडून राहा, मग दोन रात्रींची रेल्वे. लीव्ह चार्ट सीएचएम बनवतो, बनवू दे, पण महिन्यातून एकदा रजिस्टर स्वतः घेऊन बस आणि एकच गोष्ट बघ की शेवटचं घरी जाऊन कोणाला किती महिने झाले. ज्याचे सगळ्यात जास्त झालेत तो बहुतेक वेळा रजा मागतही नसतो. त्याला बोलव. टेबलाच्या पुढे ये, खुर्चीवर बसव, आणि सीएचएमला काहीतरी काम देऊन बाहेर पाठव. न मागणारा माणूसच मला जास्त काळजीचा वाटत आलाय.

आता पार्ट टू ऑर्डर. तू म्हणशील हा क्लार्कचा विषय आहे. मीही तेच समजत होतो. जवानाचं लग्न, मुलांचा जन्म, घटस्फोट, कोणी वारलं, हे सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये पब्लिश होऊन रेकॉर्ड ऑफिसला गेलं की मगच ते सरकारसाठी घडलेलं असतं. माझ्या कंपनीतला एक नायक रजेवर असताना रस्त्यावरच्या अपघातात गेला. लग्नाला तीन वर्षं झालेली, एक मुलगी. आणि रेकॉर्डमध्ये तो अविवाहित. का तर त्याने मॅरेज सर्टिफिकेट दिलं तेव्हा त्यात बायकोचं माहेरचं नाव होतं आणि फॉर्ममध्ये सासरचं, क्लार्कने ऑब्जेक्शन लावून परत दिलं, तो फील्डला गेला, राहून गेलं. इन्शुरन्स आणि फंडाला नॉमिनी अजून आई. त्या बाईला पेन्शन सुरू व्हायला वर्षाच्या वर गेलं, सासू-सुनेत भांडण लागलं ते वेगळं. फाईल शोधली तेव्हा सर्टिफिकेटची झेरॉक्स सापडली, तिला लावलेली पिन गंजून कागदावर तपकिरी डाग पडला होता. ती फाईल माझ्याच ऑफिसच्या कपाटात होती, दोन वर्षं. कुठल्या क्लार्कला नावं ठेवू?

तेव्हापासून कुठलीही कंपनी हातात आली की पहिल्या तीन महिन्यांत प्रत्येकाची शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीची आणि घरची नोंद, समोर ठेवून त्याच्याशी बोलायचं असा माझा नियम. लग्न झालंय? पब्लिश झालंय? बायकोचं नाव आधारवर, बँकेत आणि रेकॉर्डमध्ये एकच स्पेलिंगने आहे का? इन्शुरन्सला, एएफपीपी फंडाला, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाला, नॉमिनी कोण? जॉइंट अकाउंट आहे का? 120 माणसं, रोज तीन-चार धरली तर सहज होतात. आणि गंमत म्हणजे हे बोलता बोलता बाकीचं सगळं कळतं, कर्ज किती, दारू किती, भाऊ बोलतो का नाही. नुसतं "घर में सब ठीक?" विचारलं तर "जी साहब" याशिवाय उत्तर येत नाही.

शरीराकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात बर्मामध्ये ब्रिटिश जनरल स्लिमच्या सैन्यात 1943 साली एका जखमी माणसामागे 120 माणसं आजाराने मागे पाठवली जात होती. मुख्य शत्रू मलेरिया. गोळ्या होत्या, मेपाक्रिन, पण जवान खात नव्हते. स्लिमने अचानक तपासणी लावली, युनिटमधला प्रत्येक माणूस तपासायचा आणि गोळी घेतलेले 95 टक्क्यांच्या खाली निघाले तर सीओ घरी. तीन सीओ काढावे लागले, तेवढ्यात बाकीच्यांना समजलं. हे मी प्रत्येक नवीन ऑफिसरला सांगायचो कारण त्यात काढले कोण ते बघ. गोळी न खाणारा जवान काढला नाही. उंचीवर हेच. 9000 फुटांच्या वर गेलं की ॲक्लिमटायझेशनचे ठरलेले दिवस आहेत, पहिल्या स्टेजला सहा, 12000 च्या वर आणखी चार, 15000 च्या वर आणखी चार. कोणीतरी धडधाकट गडी म्हणेलच की साहब मैं ठीक हूँ, मुझे आगे जाने दो, आणि वरून कोणीतरी फोनवर विचारेल की माणसं कधी पोचतायत. दिवस कापू नकोस. फुप्फुसात पाणी झालेला माणूस मी रात्री दोन वाजता स्ट्रेचरवर खाली आणलाय, त्याच्या छातीतून गुळणी केल्यासारखा आवाज येत होता, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हॉलीबॉल खेळत होता. व्हॉलीबॉल खेळायला नको होतं, आणि खेळू देणारा मी होतो. वाचला तो.

हत्यार: पेट्रोल परत आली की जाँच शस्त्र, म्हणजे हत्यार रिकामं आहे ना हे बघणं, प्रत्येकाचं, तुझ्यासमोर, पाऊस असला तरी आणि सगळे थकून गळालेले असले तरी. आणि पहिलं तुझं स्वतःचं. अपघाती गोळ्या सुटतात त्या बहुतेक थकून परत आल्यावरच. यावर जास्त बोलत नाही.

काउंटर इन्सर्जन्सीला गेलास तर एक गोष्ट. आपला माणूस पडला की पुढचे एक-दोन दिवस सगळ्यात धोक्याचे, दहशतवाद्यामुळे नाही, आपल्यामुळे. जवान तुझ्या चेहऱ्याकडे बघत असतात, तू दात ओठ खाल्लेस तर त्यांना परवानगी मिळाली. त्या दिवशी गावातल्या ज्या माणसाला उचललं त्याला स्पेशल पॉवर्स ॲक्टच्या, म्हणजे अशांत भागात सैन्याला विशेष अधिकार देणाऱ्या 1958 च्या कायद्याच्या, कलम 5 प्रमाणे शक्य तितक्या लवकर पोलिसांच्या ताब्यात द्यायचं असतं, आणि 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा कायम ठेवताना काय करायचं आणि काय नाही याची यादीही बंधनकारक केलीय. ती खिशात ठेव. मी एकदा अशा रात्री एका चांगल्या हवालदाराला घराच्या तपासणीतून बाहेर काढून गाडीपाशी उभं केलं, जो गेला तो त्याचा बडी, कायमचा जोडीदार, होता. तो माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलला. चालेल. लोकांना वाटतं कायदा हातात आहे म्हणजे मोकळीक आहे, प्रत्यक्षात दहा वर्षांनी कोर्टात उभं राहायचं ते त्या रात्री तिथे असलेल्या ऑफिसरला, तेव्हा वेळ, नाव, कोणाला सोपवलं, सही, सगळं लिहून ठेव. स्वतःच्या हाताने.

तुझं स्वतःचं आता पटापट. भाषा शीक, रेजिमेंट ज्या माणसांची आहे त्यांची, शिव्यांपासून सुरुवात होईल ते ठीक आहे पण तिथेच थांबू नको. मंदिर परेड असो गुरुद्वारा परेड असो, जवानांचा जो देव तो त्या दिवशी तुझा. मेसमध्ये दारू स्वस्त मिळते ही सोय आहे, आव्हान नाही. पहिल्या पगारात मोटारसायकलचा हप्ता लावून घेऊ नको, सगळेच लावतात. फेसबुकवर गणवेशातला फोटो टाकला की दोन दिवसांत एक सुंदर मुलगी मैत्री करायला येते, ती मुलगीही नसते आणि मैत्रीही नसते, यात चांगले चांगले अडकलेत. कॅप्टन दोन वर्षांनी, मेजर सहा वर्षांनी नोकरीच्या वर्षांवर होतोस, त्यासाठी कोणाची बॅग उचलायची गरज नाही. पीटीला तुझ्या कंपनीतला सगळ्यात जोरात पळणारा तू नसलास तरी चालेल पण शेवटच्या दहात दिसायला नकोस. आणि आईवडिलांना आठवड्याला एक फोन, माझ्या आईला मी जिवंत असल्याचं एकदा टीव्हीवरून कळायचं बाकी राहिलं होतं, तिने ते मला निवृत्तीनंतरही ऐकवलंय.

एक छोटी वही ठेव, खिशात मावणारी, मोबाइलमध्ये नको कारण बऱ्याच ठिकाणी मोबाइल आत नेताच येत नाही. त्यात जवानाने सहज बोललेलं लिही. बहिणीचं लग्न वैशाखात. बाबांचं ऑपरेशन. मग त्या महिन्यात त्याला विचार. माझ्याकडे अशा बऱ्याच वह्या अजून आहेत.

हां, आणि पोस्टिंग ऑर्डर हातात आली की सीओंना आधी एक पत्र लिहायची पद्धत आहे, हाताने लिहिलेलं, मी अमुक, अमुक तारखेला हजर होतोय, तुमच्या बटालियनमध्ये येण्याचा अभिमान आहे वगैरे. अर्धं पान पुरे. माझ्या पत्रात दोन स्पेलिंग चुकली होती, त्यातलं एक बटालियन. मी हजर झालो त्या दिवशी सीओंनी ते पत्र ड्रॉवरमधून काढलं, दोन्ही शब्दांना लाल गोल केलेले होते, आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिलं.